कसालच्या फ्लॅटचं खरं भाडं

मालवणच्या मासळीबाजारात नसीबाला कोणी फसवू शकलं नव्हतं. सुरमईचा कल्ला नुसता उचलून बघितला की ती आजची की कालची हे तिला कळायचं, आणि लिलावात भाव पुकारला जायचा तो सगळ्यांसमोर. पण कसालच्या फ्लॅटचं भाडं किती असावं, हे मात्र तिला काही केल्या कळेना. तो भाव कोणी पुकारत नव्हतं.

फ्लॅट घेतला होता गुलामने, तिच्या नवऱ्याने. गुलाम मालवाहू जहाजांवर भंडारी, म्हणजे आचारी होता. उभं आयुष्य त्याने हलत्या चुलीसमोर काढलं, वीस-पंचवीस माणसांचं रांधलं, आणि साठवलेल्या पैशांतून कसालला हायवेच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तेव्हा भावकीतले लोक हसले होते. "दर्यावरचो माणूस आणि घर घेतल्यान खंय, तर कसालात! थंय कोण रवाक येतलो?" गुलाम म्हणायचा, "हायवे मोठो झालो की बघा." हायवे मोठा झाला, पण फ्लॅट कुलपातच राहिला, कारण तो स्वतः कायम कुठल्या तरी बंदरात असायचा.

मग गेल्या साली त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पण उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि जिभेवर शब्द अडखळायला लागले. व्यायाम करून घेणारा डॉक्टर, औषधं, सगळ्याला पैसा लागणार होता. तेव्हा पुतण्या शाहनवाज म्हणाला, "चाची, तो फ्लॅट भाड्यान देवया."

शाहनवाजचं मोबाईलचं दुकान होतं. पोरगा भला, पण सगळी दुनिया फोनमध्ये सापडते अशी त्याची समजूत. त्याने लगेच एक साइट उघडून दाखवली. "हे बघ, अठरा हजार!" गुलामचे डोळे लकाकले. नसीबाने चष्मा लावून फोटो पाहिला. मागे नारळ, पुढे समुद्र, खाटेवर टॉवेलचा हंस करून ठेवलेला.

"अरे, ह्यां तोंडवलीक आसा. पर्यटकांचां," ती म्हणाली. "कसालात दर्या खंयसून हाडतलंस?"

चार दिवसांनी शाहनवाज कसालचा एक एजंट घेऊन आला. त्याने चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि सांगितलं, "चार हजार. त्याच्यावर एक रुपया मिळणार नाही. कसालला फ्लॅट रिकामे पडलेत. माझ्याकडे एक कंपनी आहे, कामगारांना ठेवायला घेते. पाच वर्षांचा करार, भाडं तेवढंच राहील, पण तुम्हाला डोक्याला ताप नाही. पुढच्या शुक्रवारी सही करा."

तो गेल्यावर गुलाम भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री जेवला नाही, दुसऱ्या दिवशी पेजही परत पाठवली. नसीबाला वाटलं, तब्येत बिघडली. संध्याकाळी तो कसाबसा बोलला, "लोकां... खरां बोलत होती. माझो... सगळो जलम... चार हजाराचो."

तेव्हा नसीबाला उमगलं, की हा नुसता भाड्याचा प्रश्न नाही. तिने शाहनवाजला सांगितलं, "सही करूची नाय. खरो भाव काय तो मी बघून येतंय."

सकाळच्या एसटीने ती कसालला गेली. आधी आपल्याच इमारतीतल्या एका फ्लॅटमालकाला विचारलं. तो ऐटीत म्हणाला, "माका नऊ येतत." जिन्यात दुसरा भेटला. त्याने इकडेतिकडे बघत आवाज खाली केला, "तीन-साडेतीन समजा. आमच्याकडं काय जास्त मिळत नाही हो." एकाच जिन्यात नऊ आणि तीन! मग तिच्या मनात आलं, भाडं घेणाऱ्याला विचारून काय होणार, देणाऱ्याला विचारावं. तिने एका भाडेकरू बाईचं दार वाजवलं. पण नसीबा मालकीण आहे असं कळताच बाईच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आपलं बोलणं आपल्या मालकाच्या कानावर जाईल आणि भाडं वाढेल, अशी भीती तिला वाटली असावी. "माका ठावक नाय, घोवाक विचारूक होया," म्हणत तिने दार लोटलं.

समोरच्या टपरीवर चहा पिताना नसीबाने ठरवलं, आता आपण मालकीणच नाही. आपण जागा शोधायला आलोय, नवऱ्याला डॉक्टर जवळ पडावा म्हणून.

आणि काय आश्चर्य, लोक बोलायला लागले! पुढच्या इमारतीतल्या बायकांनी तिला आत बोलावून पाणी दिलं. कोण किती देतं, कुठे टाकीचं पाणी मे महिन्यात आटतं, कुठला मालक डिपॉझिट परत करताना रडवतो, सगळं आपणहून सांगितलं. आकडे जवळजवळ यायला लागले. साडेपाच, सहा, साडेसहा. नसीबाच्या छातीवरचा दगड थोडा हलला.

पण त्या सोंगाने तिला आणखीही एक गोष्ट दाखवली. एका बंगलीच्या मालकाने वरची खोली उघडून दाखवली, खिडकीतून वारा कसा येतो ते कौतुकाने सांगितलं, भाडं सहावरून साडेपाचवर आणलं. मग विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"नसीबा."

माणसाने उघडलेली खिडकी परत ओढून घेतली. "अगो... माझ्या ध्यानातच नाय ऱ्हवला. ही खोली मेव्हण्याक देवची आसा."

तिला खोली नकोच होती, तरी जिना उतरताना पाय जड झाले. ज्याला खरंच हवी असेल, त्याचं काय होत असेल?

बंगलीच्या फाटकाशी एक मुलगी उभी होती. पंचविशीची, खांद्याला बॅग, घामाने ओढणी मानेला चिकटलेली. "वरची खोली बघूक इलास?" तिने विचारलं. "माका पण नाय म्हणालो. एकट्या चेडवाक देणत नाय म्हणता."

तिचं नाव अक्षया. आंबोलीची. वडील नाहीत, आई सीता तिथेच घाटात रस्त्याकडेला भजी-चहाचा स्टॉल चालवायची. मुलगी शिकून कसालजवळच्या ओरोसला रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली होती. आंबोलीच्या पावसाने आईचा दमा बळावला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढचा पावसाळा वर काढू नका. म्हणून अक्षया सुट्टीच्या दिवशी कसाल पालथं घालत होती.

दोघी सावलीला वडाच्या पारावर बसल्या. नसीबाने डब्यातले घावन पुढे केले आणि नवऱ्याच्या अर्धांगासाठी जागा शोधतेय, हे सोंग तिच्यापुढेही चालू ठेवलं. खाताखाता तिने विचारलं, "माका एक कळत नाय गो. एक म्हणता नऊ, एक म्हणता तीन. खरां काय?"

"दोगांय खरां बोलत आसतीत," अक्षया म्हणाली. "नऊवाल्यान पलंग, फ्रिज, पंखे, सगळां दिलेलां आसता. सोसायटीचो खर्च पण त्येतच. तीनवाल्याची एकच खोली, नायतर भाडेकरू पंधरा वर्सां जुनो. दोन खोल्ये, रिकामे, पाणी बरां, तर सहा. तिसऱ्या-चवथ्या मजल्यार लिफ्ट नाय तर साडेपाच. मी इतके जिने चढलंय, माका आता पाठ झालां."

नसीबा ऐकत राहिली. सकाळपासून डोक्यात भिरभिरणारे आकडे एकेक करून आपापल्या जागी बसले. कोणी खोटं बोलत नव्हतं असं नाही, पण खोट्यालाही एक कारण होतं, आणि खऱ्यालाही. आणि आपला फ्लॅट कुठे बसतो, हे तिला आता स्पष्ट दिसत होतं. गुलामचा जन्म चार हजारांचा नव्हता.

"तुमच्या घरवाल्यांका अर्धांग म्हणालात ना?" अक्षया अचानक म्हणाली. "मगे ऐका. बाजाराच्या पाठी एका मास्तरांची जागा आसा. तळमजलो. मास्तर जात-पात, एकटी-दुकटी काय विचारणत नाय. हय काय जमलां नाय, म्हणान मी उद्या टोकन देतलंय होतंय. पण तुमच्या घरवाल्यांका जिने चढूक जमाचे नाय, तुमी ती घेवा. मी तुमका मास्तरांचो फोन नंबर देतंय. माका दुसरी जागा खंय तरी गावतली."

नसीबाच्या हातातला घावन तसाच राहिला. या पोरीची आई घाटात खोकत होती, आणि ही हातातली जागा सोडायला निघाली होती. तीही एका नसलेल्या गरजेसाठी. तिने घावन परत डब्यात ठेवला.

"अक्षया, माका जागा नको," ती म्हणाली. "माझो हयच फ्लॅट आसा. भाड्यान देवचो आसा. खरो भाव कोण सांगत नव्हतां म्हणान मी सगळ्यांका खोटां सांगत फिरलंय."

अक्षयाचा चेहरा उतरला. ती उठून उभी राहिली. "म्हणजे तुमी मालकीण? आणि माझ्याकडसून सगळां काढून घेतलात?"

"होय. माझां चुकलां."

हायवेवरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. नसीबाने पिशवीतून चावी काढली. "राग धर, तुझो हक्क आसा. पण जागा बघून मगे राग धर."

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दार उघडताच बंद हवेचा वास आला. अक्षयाने आधी नळ सोडला, पाण्याची धार बघितली. मग भिंतीला ओल आहे का ते तळहात टेकवून पाहिलं. भिंत कोरडी होती. मागच्या बाजूच्या खिडकीतून भातशेतीचे छोटे कुणगे आणि काजूची टेकडी दिसत होती. ती तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"आईक दोन जिने चढूक येतले?" नसीबाने विचारलं.

"हळूहळू चढात. ओल नाय, तां महत्त्वाचां." मग ती वळली. "भाडां?"

"सहा. सोसायटीचो खर्च माझो."

अक्षया पहिल्यांदा हसली. "बरोबर आसा. पाच म्हणाला असतात, तर माका संशय इलो असतो."

"आणि मास्तरांची जागा?"

"ती ज्येका खरीच तळमजल्याची गरज आसा, तेका गावांदे."

संध्याकाळी घरी पोचल्यावर नसीबाने चप्पलही काढली नाही. सरळ गुलामच्या खाटेपाशी गेली. "सहा हजार," ती म्हणाली. "आणि उपकार म्हणान नाय, भाव म्हणान. कसालात रवाक माणसां जिने चढून चढून दमतत. जागा गावणा नाय."

गुलाम तिच्याकडे बघत राहिला. मग डाव्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं. "जागा... गावणा नाय?"

"नाय गावणा."

"मी... सांगत होतंय."

"सांगत होतास."

शाहनवाजने एजंटला फोन लावला. चाचीने काय काय चौकशी केली हे ऐकून एजंट म्हणाला, "बघू, कंपनी सहा पण देईल बहुतेक." शाहनवाजचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोन ठेवून तो बराच वेळ नुसता मान हलवत होता. "चाची, शुक्रवारी मीच सही करूक लावली असती." नसीबाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा टाकायला गेली. गुलामच्या खाटेकडून तिला भांड्याचा आवाज आला. गुलाम डाव्या हाताने पेजेचं वाडगं ओढत होता.

करार रीतसर नोंदवला गेला. पावसाच्या आधीच सीता घाटातून खाली आली. येताना कोकमं आणि मधाची बाटली घेऊन आली. दुसऱ्या जिन्यावर तिला दम लागला, तेव्हा नसीबाही तिच्याबरोबर पायरीवर बसली. दोघी आजारांबद्दल, पोरांबद्दल, भज्यांच्या पिठात ओवा घालावा की नाही याबद्दल बोलत राहिल्या. वरून अक्षया दोनदा हाका मारून गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

त्या दिवशी दुपारी घरी परतल्यावर नसीबा गुलामच्या खाटेपाशी पंख्याखाली चटईवर जरा आडवी झाली. जाग आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. अंगावर कोणी तरी चादर घातली होती, अर्धीच, एका हाताने घालावी तशी.