डब्लिनवाल्या काकांची स्कॉच

डॉक्टरकी आयर्लंडमध्ये डब्लिनला शिकून अमेरिकेत आले, म्हणून इथे चँडलर गावात आम्ही त्यांना डब्लिनवाले काका म्हणायचो. त्यांचा जिवलग मित्र स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला शिकलेला. ऐंशीच्या दशकात कुणाकडेही पार्टी असली की दोघं आपापली बाटली घेऊन येत, काका आयरिश व्हिस्कीची, मित्र स्कॉचची, आणि भजी तळून होण्याआधीच त्यांची जुंपायची.

"स्कॉटलंडला व्हिस्की नेली कुणी? आमच्या आयरिश साधूंनी!" काका टेबलावर बोट आपटत.

"नेलीत. पण जगाला प्यायला आम्हीच शिकवलं," मित्र शांतपणे म्हणे.

"धुराचा वास येतो तुमच्या व्हिस्कीला!"

काकांनी स्कॉच कधी ओठांना लावली नाही.

मग मित्र अचानक गेला. पुढच्या पार्टीला काका आले ते स्कॉच घेऊन. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जगाला प्यायला आम्ही स्कॉटलंडवाल्यांनीच शिकवलं. बोल!"

"काका, तुम्ही तर आयर्लंडचे ना?"

"मग त्याची बाजू कोण मांडणार? आयर्लंड आज तू घे. आणि नीट भांड."

मी भांडलो. पण मित्राचा एकेक मुद्दा, एकेक वाक्य काकांना तोंडपाठ होतं. आणि इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, काका त्याचं ऐकूनच घेत नाहीत.