मिरचीची लस आणि दुधाचा मग

संशोधनाच्या अहवालात फक्त आकडे जातात. बाकीचं सगळं डोक्यात साठत राहतं आणि निवृत्त झालं की मित्रांच्या डोक्याला ताप ठरतं! सत्तरच्या दशकात मी नागपूरला मिरचीच्या रोगांवरच्या एका प्रयोगशाळेत सहायक होतो. आमचे देशकर साहेब मिरचीला लस द्यायचे. म्हणजे रोगाचाच सौम्य विषाणू रोपाला लहानपणी द्यायचा, मग मोठा रोग शिरत नाही.

*

प्रयोग भिवापूरच्या शामरावांच्या शेतात होता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सुई कुठं हाय गा?"

सुई नव्हतीच. पानाला ओरखडे पडावेत म्हणून त्यावर बारीक खरखरीत पूड भुरभुरायची आणि विषाणूचा रस बोटानं चोळायचा. शामराव बघत राहिले.

"हे तं मालीश हाय! लस काहून म्हनता?"

*

हा रोग तंबाखूतून येतो. वाळल्या तंबाखूतही विषाणू टिकतो आणि मळणाऱ्याच्या हातावरून रोपाला लागतो. दुधानं तो निकामी होतो. म्हणून साहेबांचा कडक नियम होता : आधी दुधानं हात धुवायचे, मगच रोपाला लावायचे!

रोपं लावणाऱ्या कौसाबाई भडकल्या. "माह्या नातीले च्यात दूध नाही, अन् मी इथं दुधानं हात धुवू?"

दुसऱ्या दिवसापासून साहेब नातीसाठी वेगळं दूध आणू लागले. कौसाबाईंनी मग नियम असा धरला की आम्हालाच त्यांची भीती वाटायची.

*

एकदा शामरावांचे व्याही बांधावर चुना लावून तंबाखू मळत उभे होते. कौसाबाईंनी त्यांना थेट रस्त्यावर घालवलं.

"मिरचीले नजर नाही लागत, तुमचा हात लागते!"

*

मग दिल्लीहून समिती येणार असं कळलं. लस पटली नाही तर योजना बंद. साहेब इतके धास्तावले की दोन ओळी त्यांनी स्वतःच्या हातानं लावल्या, एक लसवाली, एक बिनलसीची. बाकीच्या कौसाबाईंनी लावल्या, त्याही दोन्ही प्रकारच्या.

रोग आम्ही नंतर मुद्दाम सोडणार होतो. त्याआधीच साहेबांच्या बिनलसीच्या ओळीवर पिवळे चट्टे! शेजारची त्यांचीच लसवाली ओळ हिरवीगार. कौसाबाईंच्या सगळ्या ओळी ठणठणीत.

समिती खूश झाली. "रोग आपोआप आला आणि लस टिकली! याहून चांगला पुरावा कोणता?" योजना वाचली. मला तर रडूच आलं.

समितीची जीप गेली. कौसाबाईंनी दुधाचा मग आणून साहेबांपुढे धरला.

साहेबांनी खिशातली चुन्याची डबी माझ्याकडे दिली आणि मुकाट्यानं हात पुढे केले.