निघण्यास हरकत नाही

'ऑफ-सीझन' या शब्दाचा मला तिटकारा आहे. हॉटेलवाल्यांनी खोल्या खपवायला तो काढला आणि लोकांनी तो समुद्रालाही लावला. आपण फिरायला जात नाही त्या महिन्यांत समुद्रही कुठेतरी पाय पसरून पडलेला असतो, अशी यांची समजूत. उष्ण कटिबंधातला समुद्र नेमका त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त कामात असतो, हे सांगता सांगता माझी एकवीस वर्षं गेली.

परळला एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. कंपनी छोटी, खासगी. वारा, ढग आणि लाटा यांचे नकाशे बघायचे आणि जहाजांनी कधी निघावं, कुठून वळसा घ्यावा हे लिहून द्यायचं, हे माझं काम. मालवाहू जहाजांचे कप्तान निमूट ऐकतात. हौशी लोक ऐकत नाहीत, कारण त्यांनी समुद्र खुर्चीत बसून पाहिलेला असतो.

असाच एक हौशी गृहस्थ मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. पांढरे बूट, पांढरी पँट, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्याची शिडाची यॉट गोव्याला होती आणि ती आठ दिवसांत मुंबईला हवी होती. कशासाठी? तर मुलीच्या साखरपुड्याचे फोटो तिच्यावर काढायचे होते.

यॉट आणणार होता तो त्याचा कप्तान. साठीला टेकलेला, काटक, लालबागला राहणारा, मूळचा मालवणकडचा. मालकाने त्याला आत बोलावलं नाही. बाहेर सोफ्यावर बसवून ठेवलं, छत्री बाहेर ठेवतात तसं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते उठून उभे राहिले.

"बसा काका," मी म्हटलं.

"बाय, दर्या कसो आसा?" त्यांनी विचारलं.

"चांगला नाही. लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र होतंय. मी तसं लिहून देते."

"लिवन दे. शेठ माझा आयकत नाय. कागद बघितल्यावर आयकात."

आत साहेबांच्या केबिनमध्ये मी नकाशा उघडला. पार दक्षिणेकडच्या समुद्रातून निघालेली लाट किनाऱ्याकडे येत होती, दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचं अंतर. अशी लाट खोल पाण्यात दिसतसुद्धा नाही. उथळात आली की उभी राहते. वर वारा वायव्येचा, म्हणजे मुंबईकडे येताना थेट तोंडावर.

गृहस्थांनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, हा फोटो आज सकाळचा. मित्राने गोव्याहून पाठवलाय, हॉटेलच्या बाल्कनीतून. बघा, तळं आहे तळं."

"तो किनारा आहे. तुमची नाव तीस-चाळीस मैल आतून येणार."

"अहो, ऑफ-सीझन आहे. एक होडी नाही समुद्रात, सगळा रस्ता मोकळा!"

होड्या का नाहीत, हे विचारण्याइतकंही कुतूहल या माणसाला नव्हतं. आणि आमचे साहेब मान डोलावत हसत होते. साहेबांचा स्वतःचा समुद्रप्रवास म्हणजे मांडव्याची बोट, तीही वातानुकूलित.

मी जागेवर येऊन अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य दोनच शब्दांचं होतं : निघू नये.

अर्ध्या तासाने साहेब कागद घेऊन आले. "अगं, 'निघू नये' असं कुणी लिहितं का? क्लायंटला पर्याय द्यायचे असतात." त्यांनी माझं वाक्य काढून तिथे लिहिलं होतं : प्रतिकूल परिस्थितीची शक्यता लक्षात घेऊन, योग्य ती काळजी घेतल्यास निघण्यास हरकत नाही.

"सर, काळजी घेऊन लाट लहान होत नाही."

"तू फार नकारात्मक आहेस. एवढंच ना, दोन दिवसांचा प्रवास." आणि त्यांनी तो पाठवला. खाली नाव माझं.

माझ्या टेबलावर यॉटचा फॉर्म होता. त्यावर काकांचा मोबाइल नंबर, माझ्याच अक्षरात. एक फोन करायचा होता. मी केला नाही. नियमात बसत नाही, असं स्वतःला सांगितलं, पर्स उचलली आणि गिरगावला घरी गेले. साहेबांना मी आजवर मनातल्या मनात काय काय म्हणत आले. त्यातलं निम्मं तरी त्या संध्याकाळच्या माझ्या स्वतःला लागू आहे.

गोव्याहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी, विजयदुर्गच्या समोर, त्यांना वाऱ्याने गाठलं. डिझेलच्या टाकीतला गाळ ढवळला गेला आणि इंजिन बंद पडलं. शीड आवरताना त्याच्याखालचा आडवा दांडा सुटला आणि काकांच्या उजव्या खांद्यावर बसला. बरोबर एकच खलाशी होता. परत फिरणाऱ्या एका ट्रॉलरने त्यांना दोर टाकला आणि ओढत खाडीत नेलं. यॉटला निरोप द्यायला गोव्याला गेलेला मालक तेव्हा विमानाने घरी पोचलेला होता.

काकांना परळच्या हॉस्पिटलात आणलंय, हे मला चार दिवसांनी कळलं. ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. दुपारी गेले. खांद्यापासून कोपरापर्यंत पट्ट्या, चेहरा उतरलेला. मला बघून त्यांनी मान फिरवली.

"काका, मी..."

"वळाखलंय तुका. तूच हो म्हटलंस ना? शेठ म्हणालो, बाई हो म्हणता, कागद इलो हा."

"मी 'निघू नये' असं लिहिलं होतं. ते साहेबांनी बदललं."

"ता माझ्याकडे येवकच नाय."

"हो. आणि माझ्याकडे तुमचा नंबर होता."

त्यांनी आता माझ्याकडे नीट पाहिलं. "नंबर होतो?"

"होता."

"मगे?"

मी स्टुलावर बसून राहिले. त्यांची बायको डबा घेऊन आली, मला 'या' म्हणाली, त्यांना भरवू लागली. मी कोण, हे काकांनी तिला सांगितलं नाही. थोड्या वेळाने मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की यापुढे माझं नाव असलेला कागद आधी नावेवरच्या माणसाकडे जाईल, मालकाकडे नंतर. आणि माझा एक शब्द बदलला तर खाली माझं नाव असणार नाही. मोठा वाद होईल असं वाटलं होतं. साहेब लगेच हो म्हणाले. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, कंपनीच्या वकिलाने त्यांना आधीच घाबरवून ठेवलं होतं.

गृहस्थांचं मात्र उत्तम चाललं. पुढच्या हिवाळ्यात दादरला एका छोट्या हॉलमध्ये त्यांचं भाषण होतं. विषय 'वादळाशी दोन हात'. मी मुद्दाम गेले. पडद्यावर फाटलेल्या शिडाचा फोटो, आणि हे तोंडाला माइक लावून लाटांची उंची सांगतायत. दर पाच मिनिटांनी ती फूटभर वाढत होती. समोर साठेक माणसं, बरीचशी निवृत्त, चहाच्या आशेने बसलेली. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला.

"त्या वेळी तुम्ही नावेवर होतात का?"

ते हसले. "शरीराने नव्हतो. पण माझी टीम होती, आणि सतत संपर्कात होतो."

"टीममधल्या माणसाच्या खांद्याचं काय झालं?"

"ही इज अ फायटर," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही. मी चहा न घेता बाहेर पडले.

काकांचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. लालबागची खोली मुलाकडे सोपवून ते गावी गेले. भावाच्या होडीची जाळी शिवत बसतात, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मी अधूनमधून फोन करते. दोनदा त्यांनी उचलला. तब्येत, पाऊसपाणी, आंबा यंदा कसा आहे, एवढं बोलणं झालं. समुद्राबद्दल ते मला काही विचारत नाहीत.