बाणवाली

तिच्या टेबलावर माऊस नव्हता. तो खणात, वायर गुंडाळून ठेवलेला असे. आमच्या वर्तमानपत्राच्या वर्ध्यातल्या जिल्हा कार्यालयात तिला सगळे बाणवाली म्हणत, कारण लांबलचक मजकुरातही ती कीबोर्डवरच्या बाणांनीच फिरे. कंट्रोल आणि खालचा बाण म्हणजे पुढचा परिच्छेद. कंट्रोल आणि होम म्हणजे थेट पहिली ओळ. माझे बोट माऊसच्या चाकावर असे, तोवर तिची दुरुस्ती होऊन गेलेली असे.

ती मूळची हिंगणीची, राहायला पिपरी मेघेत. माझ्यापेक्षा वयाने आणि नोकरीने बरीच लहान. डेस्कप्रमुख त्या वर्षी निवृत्त होणार होते. ती खुर्ची मला हवी होती आणि ती मलाच मिळणार, असे मी धरून चाललो होतो.

मी चाक फिरवत एखादी ओळ शोधू लागलो की ती मान न वळवता म्हणे, "दादा, पत्ता माहीत असून गल्लीगल्लीत काऊन विचारत फिरून राह्यले?" बाकीचे हसत. आवाजात खोच नसे, म्हणून ते जास्त लागे.

आमच्या कार्यालयात मथळा करायची एक जुनी रीत होती. अक्षर मोठे करायचे, ठळक करायचे, झाले. संगणकातली मथळ्याची शैली, म्हणजे 'हेडिंग', कोणी लावत नसे. त्यामुळे संगणकाच्या लेखी तो मथळा नसेच, साधी ओळच असे. आंजीच्या वार्ताहराचा मजकूर तर मोबाइलवरून एका दमात यायचा, परिच्छेदसुद्धा नसे. ती आधी मथळ्यांना शैली लावी, मग वाचायला घेई. "आधी हाडं, मंग मास," असे तिचे म्हणणे. माझी एक बातमी तिने परत पाठवली तेव्हा म्हणाली, "दादा, अक्षर मोठं केलं म्हणजे मथळा नाई होत. तुमच्या बातमीले हाडंच नाईत."

जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, मी कंट्रोल आणि बाणाचा सराव सुरू केला. तिसऱ्याच दिवशी ती डबा विसरली म्हणून परत आली. "अरे वा! दादा, जमून राह्यलं ना जी!" ती दारातूनच ओरडली. संध्याकाळपर्यंत शिपायालाही ते कळले होते.

मग जिल्हा पुरवणी आली. आठ तालुके, प्रत्येकाखाली उपमथळे. मजकूर जुळवायचे काम माझ्याकडे होते. नागपूरहून आलेले संपादक माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "हिंगणघाट वर घ्या, सेलूच्या आधी." मी माऊसने मजकूर निवडू लागलो. पान पळाले, बोट सुटले आणि अर्धे हिंगणघाट आष्टीच्या मधोमध पडले.

"सरकता का जरा, दादा?" तिने ते आधी रद्द केले. मग मथळ्यांना शैली लावली, मथळ्यांचा आराखडा उघडला, प्रत्येक तालुक्याचा मजकूर त्याच्या मथळ्याखाली मिटवून घेतला. ऑल्ट, शिफ्ट, वरचा बाण. हिंगणघाट आपले सगळे उपमथळे घेऊन एकेक तालुका ओलांडत वर गेले आणि सेलूच्या डोक्यावर जाऊन थांबले. संपादकांनी तिला नाव विचारले. माझे नाव त्यांना ठाऊक होते; त्या दिवशी त्यांनी ते घेतले नाही.

पुढे तिला नागपूरच्या मुख्य कार्यालयात बोलावणे आले. निरोपाला चहा आणि आलुबोंडे होते. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "साहेबांनी विचारलं, मंग इथं डेस्कप्रमुख कोण? म्या दादांचं नाव सांगतलं. बातमी पारखणारा माणूस पाह्यजे, बाण त कोणीबी शिकते."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. खुर्ची मला तिला मागे टाकून हवी होती. ती तिने जाता जाता माझ्यासाठी मागून ठेवली.