कर्नाळ्याचा अंगठा

प्रभाकरची प्रवासाबद्दलची मतं पक्की होती आणि ती सगळी गाडी न थांबवता पाळता येण्यासारखी होती. दर मे महिन्यात करंजाड्याहून गुहागरला बहिणीकडे जायचं आणि वाटेत बघण्यासारखं जे असेल ते काचेतून बघायचं. "डावीकडे बघा, किल्ला. बघितला? झालं. उजवीकडे नदी. बघितली? झालं." पोरांनी मान वळवेपर्यंत किल्ला गेलेला असायचा आणि नदीच्या जागी ट्रक आलेला असायचा. कोणी कुरकुर केलीच तर ठेवणीतलं उत्तर तयार होतं. "अरे, कळसाचं दर्शन घेतलं तरी देव पावतो."

अशा रीतीने कुमुदने अर्ध्या कोकणाचे कळस पाहिले. देव एकही नाही. बायको म्हणून तिचं काम शेजारच्या सीटवर बसून, प्रभाकर "मोसंबं" म्हणाला की सोललेली फोड त्याच्या तोंडात घालणं हे होतं. आणि वादाला जागाच नव्हती, कारण प्रभाकरने नियम करून ठेवला होता: स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याचं चालणार.

बाकीच्या कळसांचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. कर्नाळ्याचं वाटायचं. कुमुद पनवेलचीच. लाइन आळीतल्या माहेरच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, डोंगराने मूठ वळून अंगठा वर काढावा तसा. शाळेची सहल तिथे गेली तेव्हा हिला कांजिण्या. वडील म्हणाले, "घराजवळच तर आहे, कधीही जाऊ." लग्न झाल्यावर नवरा म्हणाला, "आपलंच आहे गं, कधीही येऊ." कधीही नावाचा वार कुठल्याच कॅलेंडरात सापडेना. दर उन्हाळ्यात पनवेल सोडलं की पहिल्यांदा तोच सुळका दिसायचा आणि कुमुदला अंगठा दाखवून मागे जायचा.

यंदा प्रभाकरचा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, गाडीला हात लावायचा नाही.

"मग यंदा रद्द," प्रभाकर म्हणाला.

"मी चालवते," कुमुद म्हणाली. दिवाळीनंतर ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन तिने लायसन काढलं होतं.

"भाजी आणणं वेगळं आणि हायवे वेगळा."

"हो, हायवेवर भाजी मिळत नाही."

निघाले. पळस्पे फाटा येईपर्यंत प्रभाकरच्या पायाने नसलेला ब्रेक इतका दाबला की पायाखालचं मॅट गोळा झालं. "थर्ड टाक. टाक. दाब... दाब... अगं दाब. आता सोड." मागे पंधरा वर्षांची रेवा, जी घरातल्या सगळ्यांचे आवाज काढते, कुकरचासुद्धा, तिने धाकट्या निनादच्या कानात तेच पुन्हा म्हटलं. निनाद सीटवरून खाली घसरला.

"मोसंबं," कुमुद म्हणाली.

प्रभाकरने एका हाताने आणि दातांनी मोसंबं सोलायला घेतलं. तेवढ्यात तिने डावीकडचा इंडिकेटर दिला.

"काय झालं? पंक्चर?"

"कर्नाळा."

"अगं, हे तर घराजवळचं. कधीही येऊ."

"आज कधीहीच आहे."

"वडखळला ट्रॅफिक लागेल. ताईने आमरस काढून ठेवलाय."

"स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे?" असं विचारून कुमुदने अभयारण्याच्या फाटकाशी गाडी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

प्रभाकर म्हणाला, तो येणार नाही. इथूनच कळस दिसतोय.

"घ्या दर्शन," कुमुद म्हणाली.

चढ तिला वाटला होता त्याच्या दुप्पट निघाला. रोजच्या चपला, पतपेढीत दिवसभर खुर्चीवर बसणारे गुडघे आणि वर मे महिना. झाडीत सावली होती, पण वारा नव्हता. निनाद दर वळणावर "अजून किती" विचारत होता आणि उतरणारी माणसं दर वेळी "आलंच" म्हणत होती. अर्ध्यावर कुमुद एका दगडावर बसली. ओढणीने तोंड पुसलं. तेवढ्यात फोन वाजला. "खाली ये. हट्ट पुरे झाला. पोरांना ऊन लागेल."

ऊन लागेल हे खरं होतं. गुडघा दुखतोय हेही खरं होतं. तिने वर पाहिलं. फांद्यांतून सुळका दिसत होता, गच्चीवरून दिसायचा तेवढाच, तसाच. उतरलं तर तो पुढच्या मेमध्येही तिथेच असणार होता, आणि प्रभाकरचा खांदा तोवर बरा झालेला असणार होता.

रेवाने आईचा चेहरा पाहिला आणि बाबांचा आवाज काढला, खाकरण्यासकट. "डावीकडे बघा, अंगठा. बघितला? झालं. चला."

इतका हुबेहूब, की कुमुदने मागे वळून पाहिलं. मग ती उठली.

"झालं म्हणायची सवय तुझ्या बाबांना. मला नाही."

शेवटच्या चढावर तिने निनादला पुढे घातलं, घसरणाऱ्या चपला हातात घेतल्या आणि गरम दगडावर अनवाणी, तोंडाने "ऊ ऊ" करत, पण न थांबता किल्ल्याच्या दरवाजातून आत गेली.

सुळका समोर उभा होता. अंगठा कसला, अख्खी इमारत. वरच्या कपारींत मधमाश्यांची काळी पोळी लोंबत होती. खाली बसलेल्या पहारेकऱ्याने तोंडावर बोट ठेवलं. इथे ओरडायचं नाही. कुमुदने पायथ्याच्या खडकाला तळहात लावला. चटका बसला तरी तिने तो लगेच काढला नाही. खाली पनवेल पसरलं होतं. लाइन आळीची गच्ची तिने खूप शोधली. इमारतींच्या गर्दीत ती सापडली नाही.

मग तिने फोन लावला.

"अहो, गाडीतून उतरा. रस्त्यावर या. वर बघा," ती कुजबुजली.

"मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही."

"इथे मधमाश्या आहेत. ओरडायचं नाही. तुम्हीही नाही."

गाडीचं दार उघडलं आणि हायवेचं घुं घुं मोठं झालं. मग प्रभाकर म्हणाला, आणि नवल म्हणजे हळू म्हणाला, "सुळका दिसतोय."

"त्याच्या खाली मी आहे. दिसते का?"

"एवढ्या लांबून कशी दिसशील?"

"मग सांगते. अंगठा दाखवतेय."

आणि दाखवत होतीच. हात सरळ वर करून, सुळक्याच्या शेजारी, पनवेलकडे तोंड करून. निनादनेही दाखवला. रेवा तोंड दाबून हसत होती.

"बरं," फोनमधून आलं. "गाडीत उकडतंय. किल्ली तरी ठेवून जायचीस."

"पर्समध्ये आहे. वर या, देते."

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. मग प्रभाकर कोणालातरी विचारताना ऐकू आला, "दादा, वर जायला किती वेळ लागतो?"

आणि तो दादा म्हणाला, "आलंच."