खुर्चीची जागा

औंढ्याहून येणाऱ्या जीपमधून उतरून सागाच्या रानातनं तासभर चाललं की तळ्याकाठचा निजामाच्या काळातला बंगला लागतो. तिथल्या चौकीदाराचं नाव मी दहा वर्षांत विचारलेलं नाही. पाहुणा येवो न येवो, तो रोज सकाळी सगळ्या खिडक्या उघडतो आणि वेताची खुर्ची तळ्याकडे तोंड करून व्हरांड्यात ठेवतो. काहीही सांगा, आधी ‘व्हय साहेब’ म्हणतो, मग करायचं ते करतो.

एकदा मुक्कामाला आलेले एक साहेब त्या खुर्चीत बसून खेकसले, “या मोहाच्या झाडामुळे पाणीच दिसत नाही. ती फांदी तोडून टाक.”

“व्हय साहेब.”

मला वाटलं, आता हा कुऱ्हाड आणणार. त्यानं साहेबांना उभं केलं, खुर्ची चार हात पलीकडं ठेवली आणि फडक्यानं पुसली.

“बसा. आता बराबर दिसतं.”

“आणि फांदी आणखी वाढली म्हणजे?”

“मी हाय ना साहेब. खुर्ची सरकवीन.”

यंदा गेलो तेव्हा फांदी व्हरांड्याच्या कठड्यावर टेकली होती. खुर्ची पायऱ्या उतरून अंगणात आली होती. मी तिथं जाऊन बसलो.