डाळ शिजली तर रस्ता, नाही तर नळ

कमिटीच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या गोऱ्या साहेबांनी टेबलावर दोन एस्टिमेटे शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "एकच. दोन्हीपैकी एकच पास होईल."

एस्टिमेट म्हणजे कामाच्या अंदाजी खर्चाचा कागद. ते दोन्ही कागद माझ्याच हातचे. मी अकोल्याच्या टाउन कमिटीचा ओव्हरसियर, अमरावतीहून मुद्दाम बोलावून घेतलेला. ओव्हरसियरने मोजायचे, आखायचे, बांधून घ्यायचे आणि मीटिंगमध्ये दाराजवळ गप्प उभे राहायचे. यातले शेवटचे मला कधीच जमले नाही.

ती कापसाच्या तेजीची वर्षे. अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसासाठी वेड्या झालेल्या. अकोल्यात स्टेशनाचे बांधकाम निघाले आणि त्याच्या पलीकडे काळ्या रानात बघता बघता नवी पेठ उठली. गाठी बांधणारे, हाताच्या रेच्यावर कापसातून सरकी काढणारे, हमाल, गाडीवान, सगळे बायकापोरांसकट झोपड्यांत येऊन राहिले. विहिरी होत्या, पाणीही होते. पण खारे. बाया गोड्या पाण्यासाठी मोर्णा नदीपर्यंत पायपीट करत. ज्या घरात पायपीट करणारे कोणी नसे, तिथली पोरे हगवणीने वाळून जात.

माझा एक कागद होता नदीच्या वरच्या अंगाला विहीर बांधून खापरी नळाने पेठेत पाणी आणण्याचा. दुसरा, पेठेपासून स्टेशनापर्यंत पक्क्या रस्त्याचा. पेठेतली निम्मी जमीन किसनशेठ अडत्यांची, आणि किसनशेठ कमिटीचे मेंबर. रस्ता झाला की त्यांची जागा सोन्याच्या भावाने जाणार होती. ते उठून म्हणाले, पाणी खारे नाही, नवे आहे. दोन पावसाळे जाऊ द्या, आपोआप गोड होईल.

"अन् तोवर लोकायनं काय वारा प्यावा?" भाऊसाहेब देशमुखांनी विचारले. हे कमिटीतले सर्वांत वयस्क मेंबर. बोलत कमी, पण बोलले की समोरच्याची पगडी सरकायची.

मग भांडण लागले. एकाला ते पाणी खारे वाटे, दुसऱ्याला जड, तिसऱ्याला तर औषधी. साहेब स्वतः सोडावॉटर पिणारे, त्यांना काय कळणार? शेवटी रस्त्याच्या बाजूने हात वर होऊ लागले आणि माझी जीभ सुटली.

लेव्हल घेताना, म्हणजे पाणी उताराने कुठवर पोचेल ते दुर्बिणीतून बघताना, मी त्याच रानात राहुटी ठोकून राहिलो होतो. रोज कच्ची डाळ चावत होतो. तिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. जाळ किती का घाला.

"साहेब, जिभेला विचारू नका, डाळीला विचारा," मी म्हणालो. "उद्या कमिटीने पेठेत जेवावे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजली तर रस्ता, नाही तर नळ."

साहेबांना कल्पना भलतीच आवडली. नवल म्हणजे किसनशेठांनाही आवडली. जेवण आपल्याकडे, असे त्यांनी जाहीर केले. यजमान होऊ बघणाऱ्याला वऱ्हाडात नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पेठेत राहुटी लागली. चुलीवर पातेले चढले. मी नाटकातल्या सूत्रधारासारखा पंगतीपुढे फिरत होतो. आता बघा, दाणा कसा टणक राहतो, डाळ कशी तळाशी बसते आणि वर नुसते पाणी राहते, असे सगळे आधीच वर्णन करून टाकले. लांबवर पेठेतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही पैजेची खबर लागली होती.

आचाऱ्याने झाकण काढले. पळी बुडवली. डाळ लोण्यासारखी.

मी एक दाणा बोटांत दाबून बघितला, त्याचे पीठ झाले. भाऊसाहेबांनी भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "ओव्हरसियर, डाळ तर झकास हाय. तुमी कावून उभे? बसा, जेवा."

साहेबांनी नळाच्या कागदाची घडी घातली, तो माझ्या हातात दिला आणि हात धुवायला राहुटीमागे गेले. तिकडून हाक आली, "किसनशेठ, इकडे या."

आम्ही सगळेच धावलो. राहुटीमागे शेठजींची बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी होती. वर कापूस शिगोशीग भरलेला आणि खालून टपटप पाणी गळत होते.

आता सांगितले पाहिजे की त्या तेजीत कापूस भिजवून वजन वाढवायची लबाडी फार बोकाळली होती. विलायतेहून तक्रारींवर तक्रारी येत. ओला कापूस दिसला की साहेबांच्या डोक्यात तिडीक जायची.

"ओला कापूस," साहेब म्हणाले. "उद्यापासून तुमची अडत बंद."

किसनशेठांच्या चेहऱ्यावर जे चालले होते ते बघायला मी नाटकाचे तिकीट काढले असते. एकीकडे रस्ता, एकीकडे अख्खा धंदा. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने वरचा कापूस बाजूला ओढला.

खाली तांब्याच्या घागरी. त्यातली एक कलंडलेली.

"कापूस कोरडा आहे साहेब. हे नुसतं पाणी आहे."

"कुठले?"

"नदीचं."

"कशासाठी?"

"डाळीसाठी," शेठजी पुटपुटले.

"म्हणजे शेठजी," भाऊसाहेब बोटे चाटत म्हणाले, "पेठेत बसवून तुमी मले नदीचं वरण चारून राहिले."

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. पेठेत डाळ शिजवायला नदीचे पाणी आणावे लागते, हे शेठजींनीच सिद्ध केले, तेव्हा नळाचा ठरावही त्यांनीच मांडावा. आणि नळ पुरा होईपर्यंत याच बंडीने पेठेला रोज पाणी पुरवावे, असा हुकूम त्यांनी सोडला.

शेठजींनी ठराव मांडला. कोणी विरोध केला नाही. मी पुढे पुष्कळ कामे केली, पण खापरी नळाच्या चरावर छत्री घेऊन मजुरांना घाई करणारा शेठ तेवढा एकच पाहिला. काम वेळेआधी झाले. पेठेत पाणी आले आणि पाण्यामुळे शेठजींची जागाही चढ्या भावाने गेली, ते वेगळेच.

नव्या ओव्हरसियरांना मी सांगत असतो, परीक्षेचे पाणी नेहमी स्वतः शेंदावे. समोरचा फारच हुशार असेल, तर मात्र त्यालाच शेंदू द्यावे.